वेग आणि विलंब

मीरा रोडच्या शांतीनगरात दिवेलागण झाली, की घरोघरी एकाच वेळी अनेक कामांची लगबग सुरू होते. स्वयंपाकघरांतून कुकरच्या शिट्या ऐकू येतात, लोकलगाडीने परतलेली माणसे जिने चढू लागतात, आणि इमारतींच्या गच्च्यांवरून घराघरांत उतरलेल्या बारीक तारांमधून इंटरनेटचा ओघ वाहू लागतो. अशाच एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील एका घराची कल्पना करावी. घरात आजी, आई, वडील, महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि सातवीत शिकणारा तिचा धाकटा भाऊ, अशी पाच माणसे आहेत.

त्या दिवशी सायंकाळी सात वाजता मुलीची एका शिष्यवृत्तीसाठी मुलाखत होती. परीक्षक पुण्यात बसले होते आणि मुलगी आपल्या खोलीत संगणकासमोर बसली होती. परीक्षकांचा प्रश्न तिला स्पष्ट ऐकू येई. ती तत्काळ उत्तरही देई. परंतु तिचे शब्द पुण्यास पोचण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. तेवढा वेळ तिकडे केवळ शांतता असे. परीक्षकांस वाटे, मुलगी अडखळली. म्हणून ते प्रश्न सोपा करून पुन्हा विचारू लागत, आणि नेमके त्याच क्षणी तिचे पहिले उत्तर येऊन थडके. मग दोघेही एकदम बोलत आणि दोघेही एकदम थांबत. अर्ध्या तासाची मुलाखत वीस मिनिटांत आटोपली. मुलगी खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

घरात न्यायनिवाडा होण्यास वेळ लागला नाही. बैठकीच्या खोलीत धाकटा भाऊ मोबाइलवर खेळ खेळत होता, हे सर्वांनी पाहिले होते. ‘माझाही खेळ अडकत होता,’ असे त्याने काकुळतीने सांगून पाहिले; पण आरोपीच्या साक्षीला कोण विचारतो? त्याचा मोबाइल कपाटात बंद झाला. वडिलांनी इंटरनेट पुरविणाऱ्या स्थानिक व्यावसायिकास दूरध्वनी केला. त्याने अधिक वेगाची योजना घेण्याचा सल्ला दिला. निवाडा आणि उपाय, दोन्ही एकाही मोजमापाशिवाय ठरले.

इंटरनेटच्या जाहिरातींत ‘वेग’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. सेकंदाला ५० मेगाबिट, १०० मेगाबिट, २०० मेगाबिट असे त्याचे आकडे असतात. वस्तुतः हा प्रवासाचा वेग नव्हे, वहनाचे परिमाण होय. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येईल, एवढेच तो आकडा सांगतो. निघालेली माहिती किती वेळात पोचेल, ह्याविषयी तो काहीच बोलत नाही. मालगाडी एका खेपेत हजारो पोती धान्य नेते. सायकलवरून जाणारा टपालवाला मूठभर पत्रे नेतो. परंतु निकडीचे पत्र पाठवावयाचे असेल, तर मालगाडी भरण्याची वाट पाहत कोणी बसत नाही. चित्रपट उतरवून घेण्यास मालगाडी हवी. मुलाखतीला, गप्पागोष्टींना आणि खेळाला टपालवाला हवा. त्या पत्राला पोचण्यास लागणारा काळ म्हणजे विलंब. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे, बोलणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर संभाषण सहसा सुरळीत चालते. त्यापुढे मात्र माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात, आणि दोष यंत्राचा असूनही समोरचा मनुष्यच मंद किंवा उद्धट भासू लागतो.

मग मुलीच्या शब्दांना एवढा काळ कशाने लागला? पुणे दूर आहे म्हणून, असे म्हणता येणार नाही. काचतंतूच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मीरा रोड ते चर्चगेट हे सुमारे चाळीस किलोमीटरांचे अंतर. तेथे जाऊन परत येण्यास त्याला अर्धा मिलिसेकंददेखील लागत नाही. मुंबईहून पुण्यास जाऊन येण्याला दीड मिलिसेकंद पुरतो. वाटेत तारेला वळणे असतात, ठिकठिकाणी यंत्रे असतात. ती सर्व धरूनही दहा-वीस मिलिसेकंद पुष्कळ झाले. उलट, एका सेकंदात तोच प्रकाश तारेतून पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालील. तेव्हा मुलीचे शब्द प्रवासात रेंगाळले नव्हते. ते कोठेतरी थांबले होते.

कोठे, हे शोधून काढण्याचे काम रविवारी पहाटे बहीण-भावांनी हाती घेतले. त्यासाठी लागणारे साधन फार जुने आणि फार साधे आहे. सह्याद्रीच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली, की काही क्षणांनी तिचा प्रतिध्वनी परत येतो. तो जितका उशिरा येईल, तितका कडा दूर. समुद्रात पाणबुड्यांचा माग काढणारी ध्वनियंत्रे ह्याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांच्या हाकेचा आवाज ‘पिंग’ असा येतो. अमेरिकेतील माइक मूस ह्या संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये संगणकासाठी अशी हाक मारणारी एक छोटी आज्ञावली लिहिली आणि तिला तेच नाव दिले. दूरच्या संगणकाकडे एक लहानसा संदेश पाठवावयाचा, त्याचे उत्तर येईपर्यंतचा काळ मोजावयाचा आणि आकडा पडद्यावर दाखवावयाचा, एवढेच तिचे काम. आज ती बहुतेक प्रत्येक संगणकात सापडते.

बहिणीने आपला संगणक तारेने थेट राउटरला जोडला. बिनतारी जोडणीचे दोष ह्या मोजमापात मिसळू नयेत, म्हणून ही काळजी. घरातील सर्वांचे मोबाइल बंद केले. भावाने वहीत रकाने आखले. घर शांत असताना पिंगचे आकडे ९, १०, १० असे आले. मग भावाचा मोबाइल कपाटातून बाहेर आला आणि त्याने खेळ सुरू केला. आकडे १०, ११, १०. आजीने कीर्तनाचे चित्रण लावले. आकडा कधी १४ वर जाई आणि पुन्हा खाली येई. कीर्तन बंद केल्यावर बहिणीने एक मोठी चित्रफीत दूरच्या साठवणीकडे पाठविण्यास प्रारंभ केला. वहीत ह्यापुढची नोंद अशी आहे : ४०, १५०, ३९०, ७८०, ८१०. चित्रफीत थांबविताच आकडा पुन्हा १० वर आला. ही तिसरी चाचणी त्यांनी आणखी दोन वेळा केली, फळ तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम त्यांनी पाळला, म्हणूनच ह्या वहीचे पान साक्षीच्या योग्यतेचे झाले.

इंटरनेटवरून जाणारी कोणतीही गोष्ट अखंड जात नाही. चित्र असो, गाणे असो वा बोललेला शब्द असो, तिचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटात बसतो आणि स्वतंत्रपणे प्रवासाला निघतो. मोठ्यात मोठे पाकीट साधारणतः १,५०० बाइटांचे असते. जेथे रस्ता रुंद आहे, तेथे ही पाकिटे भरधाव जातात. घोडबंदरजवळ वसईची खाडी ओलांडणाऱ्या वर्सोवा पुलाची गोष्ट मीरा-भाईंदरकरांना सांगावयास नको. २०२३ मध्ये नवा पूल खुला होण्यापूर्वी जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली, की महामार्ग कितीही रुंद असला तरी वाहने पुलाच्या तोंडाशी तुंबत. रांग अरुंद जागी लागते; रुंद जागी नव्हे. घराच्या बाबतीत ती अरुंद जागा बहुधा राउटरपाशी असते. घरातल्या घरात मोबाइलपासून राउटरपर्यंत सेकंदाला शेकडो मेगाबिट जाऊ शकतात. तेथून पुढे मात्र योजनेत ठरलेली मर्यादा लागू होते. कित्येक योजनांत येण्याची आणि जाण्याची मर्यादा सारखीच असते. ह्या घराच्या योजनेत येण्याची १०० मेगाबिट आणि जाण्याची केवळ १० मेगाबिट होती. घराचा वर्सोवा पूल तो हाच.

पुलाच्या तोंडाशी आलेल्या पाकिटांना थांबण्यासाठी यंत्रात स्मरणशक्तीचा एक भाग राखून ठेवलेला असतो. त्याला बफर म्हणतात. पाकिटांचे ते प्रतीक्षागृह होय. असे प्रतीक्षागृह असणे आवश्यकच आहे, कारण पाकिटे एकसारख्या अंतराने येत नाहीत. कधी झुंडीने येतात, कधी मुळीच येत नाहीत. परंतु प्रतीक्षागृह किती मोठे असावे? समजा, त्यात एक मेगाबाइट, म्हणजे आठ मेगाबिट माहिती मावते. दारातून सेकंदाला दहा मेगाबिट बाहेर पडतात. तर भरलेल्या प्रतीक्षागृहात सर्वांत मागे आलेल्या पाकिटाला आठ भागिले दहा, म्हणजे ०.८ सेकंद थांबावे लागेल. मिलिसेकंदांत सांगावयाचे, तर ८००. वहीतील शेवटचा आकडा ८१० होता. दहा मिलिसेकंद प्रवासाचे आणि आठशे थांबण्याचे!

आता त्या सायंकाळचा खरा प्रकार सहज कळतो. भाईंदर स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी आहे आणि पुढे एक गृहस्थ उभे आहेत, अशी कल्पना करावी. त्यांना एका मोठ्या वऱ्हाडासाठी सहाशे तिकिटे हवी आहेत. त्यांच्या मागे एक आजीबाई नायगावचे एकच तिकीट घेण्यासाठी उभ्या आहेत. आजीबाईंचे काम क्षणाचे. पण वऱ्हाडाचे काम होईपर्यंत त्यांना ताटकळावे लागेल. स्थानकाची ओसरी वाढवून तेथे आणखी माणसे उभी राहण्याची सोय केली, तर आजीबाईंचा काहीच लाभ नाही. त्यांच्या पुढे आणखी एक वऱ्हाड येऊन उभे राहील, एवढेच.

मुलीचा आवाज म्हणजे आजीबाईंचे तिकीट. धाकट्या भावाचा खेळही तसाच. असे खेळ खेळाडूच्या हालचालींची अगदी लहान पाकिटे पाठवितात; ती त्वरेने जावी लागतात, पण त्यांचा भार नगण्य असतो. भाऊ अपराधी नव्हता, तोही रांगेत ताटकळणारा होता, आणि ‘माझाही खेळ अडकत होता’ ही त्याची तक्रार खरे पाहता त्या घरातील सर्वांत मोलाचा पुरावा होती. मग वऱ्हाड कोणाचे? बहिणीने राउटरच्या नोंदी उघडल्या. त्या सायंकाळी साडेसहानंतर एका मोबाइलवरून दोन गिगाबाइट माहिती बाहेर गेली होती. तो मोबाइल वडिलांचा होता. आदल्या दिवशी वसईस एका लग्नाला गेले असता त्यांनी मनसोक्त चित्रण केले होते. कचेरीतून आल्यावर त्यांनी मोबाइल विद्युतभारणीस लावला. तो घरच्या जोडणीला आपोआप जोडला गेला आणि चित्रणाच्या प्रती दूरच्या साठवणीकडे मुकाट्याने पाठवू लागला. बहुतेक मोबाइलांना अशी सवय लावलेली असते. वडिलांना त्याची कल्पनाही नव्हती. न्यायाधीशाच्याच खिशातून वऱ्हाड निघाले म्हणावयाचे!

एक शंका अजून उरते. मोबाइल एवढी पाकिटे एकदम का लोटतो? वाट अरुंद आहे, हे त्याला समजत नाही काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या घटनेत आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे विद्यापीठ आणि जवळची प्रयोगशाळा ह्यांना जोडणारी वाट एकाएकी तुंबली. दोन्ही ठिकाणांमधील अंतर अवघे चारशे यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट नेणाऱ्या त्या वाटेवरून केवळ ४० बिट जाऊ लागले. कारण शोधताना प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील त्यांचे सहकारी ह्यांच्या ध्यानात आले, की गर्दी झाली तरी संगणक मागे हटत नाहीत. हरवलेली पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवून ते गर्दीत भरच घालतात. त्यावर जेकबसन ह्यांनी संगणकांना एक शिस्त लावून दिली. संगणकाने आपला ओघ हळूहळू वाढवीत न्यावा; एखादे पाकीट हरवले, की वाट भरली असे समजावे आणि ओघ लगेच कमी करावा. ह्या शिस्तीने इंटरनेट सावरले, आणि तिचे सुधारलेले रूप आजही प्रत्येक मोबाइलमध्ये नांदत आहे.

ह्या शिस्तीचा सगळा भरवसा एका गोष्टीवर आहे : पाकीट हरवल्याची बातमी वेळेवर कळली पाहिजे. जागा संपली, की यंत्र पाकीट टाकून देते, आणि तीच गर्दीची खूण ठरते. पुढे स्मरणशक्तीच्या चकत्या स्वस्त झाल्या. पाकीट हरवणे म्हणजे नुकसानच, अशा भाबड्या समजुतीने यंत्रे बनविणाऱ्यांनी प्रतीक्षागृहे वाढवीत नेली. पाकिटे हरवेनाशी झाली. त्याबरोबर गर्दीची बातमीही पोचेनाशी झाली. पाठविणारा संगणक ‘सर्व क्षेम आहे’ असे समजून ओघ वाढवीत राहतो, आणि रांग लांबत जाते. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कित्येक दिवसांनी समजली. तोवर ते मदतीच्या विचाराने उत्तरेकडे वाट चालतच होते. बातमी उशिरा आली, की शहाण्या माणसाचाही निर्णय चुकतो. येथे तर बिचारे यंत्र आहे. नुसती जागा वाढवून गर्दीचा प्रश्न सुटत नाही, हे जॉन नेगल ह्या अभियंत्याने १९८५ मध्येच दाखवून दिले होते. पण ते विसरले गेले.

त्याची पुन्हा आठवण झाली ती २०१० मध्ये, आणि तीही एका घरातच. जिम गेटिस हे अमेरिकेतील एक नामवंत संगणकतज्ज्ञ. घरून मोठ्या फायली दूरच्या संगणकाकडे पाठवीत असताना घरातील इंटरनेट मंदावते, असे त्यांना आढळले. त्यांनी पिंगचे आकडे पाहिले. विलंब एका सेकंदाच्याही पुढे गेलेला. जगभरातील घरोघरच्या यंत्रांत हाच दोष आहे, हे पाहून त्यांना धक्का बसला. त्यांनी ह्या दोषास ‘बफरब्लोट’, म्हणजे प्रतीक्षागृहाला आलेली सूज, असे नाव दिले. सूज हा शब्द किती नेमका! अंग मोठे दिसते, पण बळ वाढलेले नसते.

उपायही लवकरच निघाला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन ह्यांनी एक नवी रीत मांडली. तीत यंत्र रांगेची लांबी पाहत नाही. प्रत्येक पाकीट किती वेळ थांबले, ते पाहते. क्षणभर गर्दी झाली, तर ते काणाडोळा करते. पण १०० मिलिसेकंदांच्या अवधीत थांबण्याचा काळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ते एक पाकीट मुद्दाम टाकून देते. पाठविणाऱ्यास बातमी मिळते, तो हात आवरतो आणि रांग ओसरते. टाकलेले पाकीट तो पुन्हा पाठवितोच. त्यामुळे चित्र किंवा अक्षर काहीच हरवत नाही. थोडेसे वेळेवर टाकून दिल्याने सर्वांची सोय होते, ही गोष्ट प्रथम उफराटी वाटते. परंतु ती खरी आहे. त्याच वर्षी एरिक द्युमाझे ह्यांनी तिला दुसऱ्या एका रीतीची जोड दिली. प्रत्येक कामाची रांग वेगळी करावयाची आणि खिडकीवरील कारकुनाने प्रत्येक रांगेतील एकेकाला पाळीपाळीने तिकीट द्यावयाचे. मग वऱ्हाडाचे गृहस्थ पुढे असोत वा मागे, आजीबाईंचे तिकीट लगेच निघते. ही जोडरीत लिनक्स ह्या मुक्त संगणकप्रणालीत आली आणि तेथून पुष्कळशा राउटरांत पोचली. आज कित्येक राउटरांत ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एस क्यू एम’ ह्या नावाने ती आढळते.

मात्र ती नुसती चालू करून भागत नाही. येथे एक मख्खी आहे. शहाणा कारकून ज्या खिडकीवर बसविला, त्याच खिडकीसमोर रांग लागली पाहिजे. रांग पुढच्या एखाद्या मठ्ठ यंत्रापाशी लागत असेल, तर आपल्या कारकुनापुढे कोणीच नसते आणि त्याचे शहाणपण वाया जाते. म्हणून राउटरची मर्यादा प्रत्यक्ष वाटेपेक्षा किंचित कमी ठरवावी लागते. दहा मेगाबिटांची वाट असेल, तर राउटरला नऊच सांगावयाचे. एक मेगाबिट सोडून द्यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यात रांग आपल्या दारात, आपल्या नजरेखाली आणावयाची. येणाऱ्या माहितीची रांग खरे तर व्यावसायिकाच्या बाजूला लागते. परंतु तेथेही मर्यादा थोडी कमी ठेवून राउटरने अधूनमधून पाकिटे टाकली, की दूरचा पाठविणारा सावध होतो आणि रांग बरीचशी आटोक्यात राहते.

शांतीनगरच्या त्या घरात व्यावसायिकाने दिलेल्या पेटीत ही सोय नव्हती. म्हणून पहिला आठवडा त्यांनी बिनखर्चाचा उपाय केला : वडिलांच्या मोबाइलला प्रती पाठविण्यास केवळ रात्रीची मुभा दिली. पुढच्या आठवड्यात बहिणीने कपाटात पडलेला एक जुना राउटर काढला. त्यावर चालू शकणारी मुक्त आज्ञावली तिने बसविली, जाण्याची मर्यादा ९ आणि येण्याची ९० मेगाबिट ठरविली आणि भावाने वहीचे नवे पान उघडले. चित्रफीत पाठविणे चालू असताना आकडे आले १३, १६, १२, १५. वडिलांनी विचारले, की मग चित्रण पोचण्यास किती उशीर होईल? भावाने गणित केले. दोन गिगाबाइट म्हणजे १६,००० मेगाबिट. दहाच्या वाटेने १,६०० सेकंद, म्हणजे सुमारे सत्तावीस मिनिटे. नऊच्या वाटेने सुमारे तीस. तीन मिनिटांचा तोटा. आणि अधिक पैसे देऊन जाण्याची मर्यादा २० मेगाबिट करून घेतली असती तर? तेच प्रतीक्षागृह ०.४ सेकंदात रिकामे झाले असते. विलंब निम्मा झाला असता. पण संभाषणास पुरेल इतका कमी झाला नसता. वडिलांनी योजना बदलण्याचा बेत सोडून दिला.

प्रत्येक घरातील दोष असाच असेल, असे मात्र नाही. बिनतारी जोडणीत एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. मीरा रोडसारख्या दाट वस्तीत एका घरात उभे राहिले असता शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावे मोबाइलवर दिसतात. ती सर्व एकाच हवेतून बोलत असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या अशा १, ६ आणि ११ ह्या तीनच वाहिन्या साधारणतः वापरतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक असतात. पण त्यांच्या लहरी भिंतींत लवकर अडतात. लोखंडी कपाटामागे दडवलेला राउटर बाहेर मोकळ्यावर ठेवला, एवढ्यानेही कधी कधी काम होते. दोष हवेतला की तारेतला, हे ओळखणे सोपे आहे : संगणक तारेने जोडून पिंग करावे आणि मग बिनतारी करावे. दोन आकड्यांत मोठे अंतर पडले, तर दोष हवेतला.

दोष घराबाहेरचाही असू शकतो. काचतंतूच्या एका प्रचलित रचनेत एकच तार सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती आणते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. रात्री नऊ वाजता सर्वच घरांनी एकदम चित्रपट लावले, तर त्या समाईक वाटेवर किंवा तिच्याही पुढे गर्दी होऊ शकते. ह्याची परीक्षा करण्यासाठी घरातील सर्व उपकरणे बंद ठेवून एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊ वाजता पिंग करावे. पहाटे १० आणि रात्री १२० आले, तर घरातील कोणाचाच दोष नाही. अशा वेळी तारीख, वेळ आणि आकडे लिहिलेले पान घेऊन व्यावसायिकाकडे जावे. ‘इंटरनेट बरोबर चालत नाही’ ह्या तक्रारीला तो शंभर उत्तरे देऊ शकतो. आकड्यांच्या पानाला इतकी उत्तरे नसतात.

पहिल्या मुलाखतीचा निकाल काही बदलला नाही. ती शिष्यवृत्ती मुलीला मिळाली नाही. दीड महिन्यानंतर दुसऱ्या एका शिष्यवृत्तीसाठी तिची मुलाखत झाली, तीही सायंकाळी सात वाजता. त्या वेळी वडिलांचा मोबाइल विद्युतभारणीस लावलेला होता आणि नेहमीप्रमाणे प्रती पाठवीत होता. आजीचे कीर्तन चालू होते. बैठकीच्या खोलीत धाकटा भाऊ उघडपणे खेळत होता. जुन्या संगणकावर मात्र त्याने पिंग चालू करून ठेवले होते, आणि मधून मधून तो वहीत आकडा टिपून घेत होता. मुलाखत पाऊण तास चालली. त्या पाऊण तासातील सर्वांत मोठा आकडा २३ होता.